त्र्यंबकचा मागचा दिवा आणि माझी बाकीची मालमत्ता

आरंभी एक तक्रार नोंदवतो. ज्या टेबलावर मी हे लिहीत आहे, त्याचा एक पाय बाकीच्या तीन पायांपेक्षा बोटभर आखूड आहे. गेली पाच-सहा वर्षे त्या पायाखाली मोटार खात्याचा एक कागद आठ घड्या घालून ठेवला होता आणि टेबल सज्जन माणसासारखे उभे होते. आज तो कागद या लिखाणासाठी काढावा लागला. तेव्हापासून टेबल प्रत्येक काना-मात्रेला मान हलवते आहे. पुढेमागे कोणा वारसाने 'अक्षर थरथरलेले आहे, सबब लिहिणारा शुद्धीवर नव्हता' असा वाद काढल्यास त्याने आधी हे टेबल पाहावे. थरथर त्याची आहे, माझी नव्हे.

मी, गुरुदत्त विठ्ठल ताम्हाणे, वय वर्षे शेहेचाळीस, धंदा कारकुनी व फावल्या वेळात लोकांची टिंगल, राहणार चरई, ठाणे, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. हे माझे मत झाले. पत्नीचे मत वेगळे आहे. कोर्टाने मागितल्यास ते तिने निराळ्या कागदावर द्यावे.

'कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही' असे येथे लिहायची पद्धत आहे. ते मला लिहिता येत नाही. मी हे इन्स्पेक्टर शिरोडकर यांच्या सांगण्यावरून लिहीत आहे.

घडले ते असे. गेल्या महिन्यात माजिवड्याच्या नाक्यावर एका पोलिसाने माझी मोटारसायकल अडवली. अडवली म्हणजे तो हात वर करून उभा राहिला आणि मी त्याच्या पुढे वीस पावले जाऊन थांबलो. तो धावत आला. "एवढा धूर! मला वाटलं, गवताची गंजी पेटली," म्हणाला. त्याने कागद फाडून दिला, आणि २१ नोव्हेंबरच्या सोमवारी मी मोटार खात्याच्या कचेरीमागच्या मैदानात गाडीसह हजर झालो.

शिरोडकर हा माणूस कमी बोलतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. आमच्या आत्याबाई सांगून आलेल्या मुलीभोवती मारीत, तशीच.

"हॉर्न वाजवा."

मी वाजवला.

"मी हॉर्न वाजवा म्हटलं."

"वाजवला, साहेब."

"तो हॉर्न होता? मला वाटलं तुम्ही सुस्कारा टाकलात. बरं, तिकडून या, आणि इथं ब्रेक मारा."

मी तिकडून आलो आणि त्यांच्या पुढे गेलो.

"ब्रेक मारा म्हटलं होतं."

"मारलाय, साहेब."

"कधी?"

"मघाशी. त्या चिंचेपाशी."

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. तपासणीच्या कागदावर नऊ ओळी भरल्या, सही केली आणि माझ्याकडे प्रथमच माणूस म्हणून पाहिले.

"कुटुंब आहे?"

"पत्नी आहे. एक मुलगी आहे, कॉलेजात."

"मग दोन्हीतलं एक करा, ताम्हाणे. एक तर गाडी दुरुस्त करा, नाही तर मृत्युपत्र करा. पंधरा दिवस देतो. पाच डिसेंबरला पुन्हा आणा. तेव्हा नापास झाली तर नोंदणी रद्द."

दुरुस्तीला परदेशी सुटे भाग लागतात आणि ते येणे बंद आहे. मृत्युपत्राला फक्त कागद लागतो. मी स्वस्तातले निवडले.

माझी मालमत्ता फार नाही. त्यातही एक वस्तू माझी नाहीच, आणि देताना हात जड होतो तो तेवढ्या एकीसाठी. ती माझ्या गाडीच्या मागे लावलेला लाल दिवा. त्याच्याकडे येईनच. लांबचा रस्ता घेऊन येईन, कारण तसाच रस्ता घेण्यात माझी हयात गेली आहे.

कलम पहिले. घर. चरईतल्या दोन खोल्या भाड्याच्या असल्यामुळे मी त्या कोणालाही देऊ शकत नाही. यावरून भावाभावांत भांडण होणार नाही याचे मला समाधान आहे, आणि भाऊ नाहीत याचे त्याहून. पोस्टातले पुस्तक पत्नी मंदाकिनी हिच्या नावावर पूर्वीच आहे. मी आजवर फक्त ते घेऊन रांगेत उभा राहत आलो. तो मान पुढे मुलगी उत्तरा हिने घ्यावा.

कलम दुसरे. मोटारसायकल. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीत सामानाचा लिलाव झाला. तेथून मी आणि माझा शाळूसोबती त्र्यंबक दातार यांनी एकाच दिवशी, एकाच रांगेतून, एकाच बनावटीच्या दोन छोट्या गाड्या घेतल्या. सव्वाशे सी.सी., वजन असे की दोघांनी मिळून माळ्यावर टाकावी. या गाड्या म्हणे विमानातून पॅराशूट बांधून खाली सोडीत. माझी बहुधा घाईत, पॅराशूट बांधायच्या आधीच सोडली असावी. त्र्यंबक तेव्हा कल्याणच्या शाळेत कवायतीचा मास्तर होता, सरळ पाठीचा, शिट्टीवाला. तो गाडीवर बसला की गाडीच सावधान उभी राहिल्यासारखी दिसे. मी बसलो की दोघेही विश्राममध्ये.

गाडीचे काय करायचे ते शेवटी लिहितो. आधी तिचे अवयव. शिरोडकरांच्या कागदावरचा क्रमच मी येथे धरला आहे, कारण माझ्या आयुष्याची इतकी व्यवस्थित यादी आजवर कोणी केली नव्हती.

(१) पुढचा ब्रेक: शेरा, 'नाही'. मी आठ वर्षे शोधला. वारसांना सापडल्यास त्यांचा.

(२) मागचा ब्रेक: शेरा, 'विलंबाने लागतो'. हा आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांना द्यावा. वार्षिक सभेत भाषणाला उभे राहिल्यावर उपयोगी पडेल. त्यांच्या भाषणात मी दोनदा झोपलो, एकदा घोरलो, आणि घोरल्याचा ठराव त्यांनी इतिवृत्तात घातला. तो मी विसरलेलो नाही.

(३) हॉर्न: शेरा वर आलाच आहे. तो ज्या साप्ताहिकात मी सतरा वर्षे लिहिले त्याच्या संपादकांना द्यावा. ते छापखान्यात शिरले की जुळारी चहाला निघून जातात. हा हॉर्न वाजवूनही कोणाला ऐकू येणार नाही, म्हणजे कोणी जाणार नाही.

(४) हँडलचा खुळखुळा: शेरा, 'हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे'. ही वस्तू नसून स्वभाव आहे आणि तो मुलीकडे आधीच गेलेला आहे. मंदाकिनी तसे रोज सांगते.

(५) साखळी सैल, (६) स्पोक सहा गहाळ, (७) सायलेन्सरला भोक. हे सर्व, आणि गाडीबरोबरची सगळी हत्यारे, जांभळी नाक्यावरचे आमचे मिस्त्री महिपत जाधव यांना परत. देणगी म्हणून नव्हे. हत्यारे त्यांचीच आहेत. सन अठ्ठेचाळीसपासून मी एकेक पाना 'आत्ता आणतो' म्हणून नेला. भोकाविषयी महिपतचे मत मी विचारले होते. "साहेब, भोक बुजवलं तर गाडी बंद पडंल. तिला आता तिथूनच श्वास घ्यायची सवय झालीया." माझ्या डॉक्टरांनीही माझ्या सिगारेटींबद्दल इतके समजूतदार मत कधी दिले नाही.

(८) टायर: शेरा, 'नक्षी नाही'. मागच्या टायरला आत जुन्या टायरचा तुकडा घातलेला आहे, त्या तुकड्याला आत आणखी एक. उलगडत गेल्यास शेवटी ब्रिटिश साम्राज्य लागेल. कोणासही.

(९) मागचा दिवा.

येथे शेरा आहे 'ठीक'.

नऊपैकी पास झालेली ही एकच वस्तू. उत्तराने या मृत्युपत्राची स्वच्छ प्रत करायला घेतली तेव्हा तिने विचारले, "नाना, ज्याचा दिवा धड आहे त्याच्या गाडीचं बाकी सगळं मोडकं कसं?" मी म्हटले, "दिवा मागं आहे, माझ्या नजरेपासून लांब. म्हणून टिकला." ती उठली, खाली गेली, गाडीपाशी बसली, फडक्याने दिव्याची पाठ पुसली आणि वर येऊन दारातच उभी राहिली.

"त्र्यं. दा. कोण?"

त्र्यंबक आपल्या प्रत्येक वस्तूवर खिळ्याने नाव कोरतो. छत्रीची मूठ, तांब्याचे बूड, कंपासपेटी. शाळेत असताना त्याने माझ्या पट्टीवरही कोरले होते, कारण पट्टी त्याची होती.

तेव्हा आता हे कलम नीट लिहितो.

त्या वर्षांत ठाणे-कल्याणकडे असल्या मोडीतल्या गाड्या असतील पाच-सहा. त्यांतली एकही एकटी पास होण्याजोगी नव्हती. पण सगळ्या मिळून एक उत्तम गाडी होत असे. एकाकडे धड हॉर्न होता, एकाकडे नवा टायर, त्र्यंबककडे मागचा दिवा. ज्याची तपासणी असे, त्याच्याकडे बाकीच्यांनी आपापली वस्तू आदल्या दिवशी पोचवायची. मुलगी दाखवायची असली की शेजारणीच्या बांगड्या, वरच्या मजल्यावरचा तन्मणी आणि कोणाचा तरी शालू येतो ना, तसेच. इन्स्पेक्टरसमोर गाडी नटून उभी राही. संध्याकाळी दागिने ज्याचे त्याला परत. यात कोणालाही काही गैर वाटत नसे. वाटायचे ते एवढेच, की वस्तू वेळेवर परत गेली पाहिजे. सगळा संसार त्या एका नियमावर उभा होता.

जानेवारी पन्नासमध्ये माझी पाळी होती. त्र्यंबक स्वतः ठाण्याला येऊन दिवा देऊन गेला. "तपासणीपुरता ने," म्हणाला. "शनिवारी सकाळी मला हवा. सोमवारी परीक्षेच्या कामाला भिवंडीला जायचंय."

शुक्रवारी गाडी पास झाली. टेबलाखालचा कागद तो हाच: 'मागचा दिवा: उत्तम', खाली शिक्का.

शनिवारी मी दिवा परत केला नाही. कारण विचाराल तर सांगायला लाज वाटते. शुक्रवारी संध्याकाळी मी तळावपाळीला चक्कर मारली आणि वळणावर मान वळवून पाहिले, तर माझ्या मागे रस्त्यावर लाल उजेड पडत होता. आयुष्यात प्रथमच माझ्या मागे काही तरी उजळले होते. आणखी एक दिवस ठेवावा असे वाटले. मग रविवार आला.

सोमवारी त्र्यंबक भिवंडीहून दिवस मावळायच्या आत परतणार होता. पेपर मोजण्यात उशीर झाला. कोन गावाच्या अलीकडे, दिवेलागणीला, मागून पेंढ्याची लॉरी आली. लॉरीवाल्याने पंचनाम्यात सांगितले की पुढे गाडी आहे हे दिसलेच नाही, मागे दिवा नव्हता. त्र्यंबकने पंचनाम्यात सांगितले, "दिवा वाटेत कुठे तरी गळून पडला असेल."

दिवा गळून पडला नव्हता. तो चरईत माझ्या जिन्याखाली होता. त्र्यंबकने माझे नाव घेतले असते तर उसन्या दिव्यावर पास झालेली माझी गाडी त्याच दिवशी जमा झाली असती. त्याने घेतले नाही. डावा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये राहिला आणि बाहेर आला तो बोटभर आखूड. पाठ अजून सरळ आहे, पण कवायत गेली. शाळेने त्याला भूगोल दिला.

(येथे अक्षर हलले आहे. टेबल.)

एवढ्यावर थांबलो असतो तर मी साधा चुकार माणूस ठरलो असतो. पण त्या आठवड्यात साप्ताहिकाला माझा मजकूर द्यायचा होता. कोणी मला विचारील अशी मला भीती होती, आणि ज्याच्यावर आपण आधीच हसून घेतले त्याच्याबद्दल आपल्याला कोणी काही विचारीत नाही, हा माझ्या धंद्यातला अनुभव. मी लेख लिहिला. नाव न घेता. एक मास्तर, वर्गात मुलांना नीटनेटकेपणाचे धडे देतात आणि स्वतः मात्र बिनदिव्याचे हिंडतात. लेख गाजला. मला पत्रे आली. कल्याणात तेव्हापासून शाळेची पोरे त्र्यंबकला 'बिनदिव्याचे मास्तर' म्हणतात. पाच-सहा वर्षांत मुलांच्या सहा तुकड्या बाहेर पडल्या, पण नाव शाळेतच राहिले. माझ्या सतरा वर्षांच्या लिखाणातले टिकलेले वाङ्मय तेवढेच.

त्याची पत्नी सुमतीवहिनी, त्यांना वाटते की नवऱ्याच्या निष्काळजीपणाने पाय गेला. त्या तसे त्याला बोलून दाखवतात असे कानावर येते. तो ऐकून घेतो. दर संक्रांतीला त्याचे पोस्टकार्ड येते: 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' दिव्याबद्दल एक अक्षर नाही. कार्डाच्या कोपऱ्यात मात्र 'त्र्यं. दा.'

सबब, मी मूळ मसुद्यात असे लिहिले होते: 'माझ्या मृत्यूनंतर सदर दिवा त्र्यंबक दातार यांस देण्यात यावा, आणि खरा प्रकार साप्ताहिकात छापावा.' उत्तराने ते वाक्य वाचून पेन खाली ठेवले.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर?"

"मृत्युपत्रात तसंच लिहितात, बाळ."

"आणि तोवर दिवा कोणाच्या गाडीला? तुमच्याच. म्हणजे पास होईपर्यंत तुमचा आणि मेल्यावर त्यांचा."

मंदाकिनी आतून म्हणाली, "अगं, असू दे. हे सगळं उशिराच करतात. त्यांचा ब्रेकसुद्धा तसाच आहे."

मी कागद उचलून शेजारच्या गुप्ते वकिलांकडे गेलो. सहानुभूती मिळेल असे वाटले होते. त्यांनी फक्त साक्षीदारांचे विचारले.

"तुम्हांला पुरता ओळखणारा कोणी हवा, ताम्हाणे. उद्या कोर्टात उभं राहून हा माणूस शहाणा होता असं शपथेवर सांगेल असा."

ठाण्यात मला हसणारे पुष्कळ आहेत. ओळखणारा एकच आहे, आणि तो कल्याणला राहतो.

"दातार? पण दातारांना तुम्ही यात दिवा देताय. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याची साक्ष घेऊ नये. नसत्या शंका निघतात. दोन्हीतलं एक ठरवा. दिवा द्यायचा, की सही घ्यायची."

"दोन्ही हवं असेल तर?"

"तर दिवा आधी देऊन टाका," गुप्ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात तोंड घातले. इतकी साधी गोष्ट सांगायची फी त्यांनी घेतली नाही, म्हणून त्यांचे नाव येथे आदराने लिहिले आहे.

आज रविवार. सकाळी महिपतला मागे बसवून गाडीने भिवंडीवरून कल्याणला आलो. कोनपाशी महिपत म्हणाला, "साहेब, गाडी हळू का केली?" मी म्हटले, ब्रेक तपासतो. ब्रेक त्याला माहीत आहे.

त्र्यंबक अंगणात गुळवेलीला काठी लावत होता. मला पाहून त्याने काठी खाली ठेवली, सरळ उभा राहिला, मग चालत आला. त्याचे चालणे मी प्रथमच पाहत होतो.

"अरे, गुरू! बंद पडली का?"

"नाही."

"मग इकडं कसा?"

मला सतरा वर्षे वाक्ये जुळवायचा सराव आहे. एकही आले नाही. मी महिपतकडून पाना घेतला, खाली बसलो आणि गाडीच्या मागचा दिवा सोडवायला लागलो. दोन नट. एक गंजलेला. तोही सुटला. दिवा त्याच्या हातात दिला. त्याने उलटा करून पाठ पाहिली, अंगठ्याने आपले नाव पुसले.

"शनिवारी म्हटलं होतं मी," तो म्हणाला. "वार चुकला तुझा."

तेवढ्यात सुमतीवहिनी बाहेर आल्या. त्र्यंबकने डोळ्यांनी खूण केली: गप्प बस. ती खूण मी मानली असती, तर संध्याकाळी याच मृत्युपत्रासह घरी गेलो असतो. मी सांगितले. सगळे, लेखासकट.

वहिनी माझ्याकडे पाहीनात. नवऱ्याकडे वळल्या.

"पाच वर्षं अकरा महिने मी तुम्हांला वेंधळे म्हणतेय. आणि तुम्ही गप्प?"

"बोललो असतो तर याची गाडी जप्त झाली असती."

"झाली असती तर बरं झालं असतं! आणि नंतर? गाडी काय रोज जप्त होणार होती? मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू ठाण्याला गेली असतीस."

"गेलेच असते!"

"म्हणून."

त्या पदराने तोंड पुसत आत गेल्या. मला वाटले आता दार लागणार. दारातूनच आवाज आला, "भावजी, चहा घेणार?" ही विचारपूस होती की शिक्षा, ते मला कळले नाही. चहात साखर नव्हती. मागायचे धाडस झाले नाही. सगळा प्यालो.

मग त्र्यंबकने विचारले, "पण उद्या तुझी तपासणी ना? पंधरा दिवसांची मुदत महिपतने सांगितली. दिव्याशिवाय काय दाखवणार?"

"काही नाही. नऊच्या नऊ नापास."

"नोंदणी जाईल."

"जाऊ दे."

त्याने दिवा माझ्यापुढे सरकवला.

"तपासणीपुरता ने."

अगदी तेच शब्द, त्याच आवाजात. ते त्याने ठरवून उच्चारले की तो स्वभावानेच तसा आहे, मला सांगता येणार नाही. मी दिवा परत त्याच्याकडे सरकवला. "नको," म्हटले. माझ्या आयुष्यात मी वेळेवर म्हटलेला हा पहिला नकार असावा.

सबब कलम दुसरे, पोटकलम (९) रद्द. दिवा आता माझ्या मालमत्तेत नाही. खरा प्रकार लिहिलेला लेख माझ्या पूर्ण नावानिशी आज सकाळीच संपादकांच्या दारातून आत सरकवला आहे. तो मी जिवंत असतानाच छापावा. हॉर्न मात्र मेल्यावरच मिळेल.

आणि गाडी. उद्या ती नापास होईल. शिरोडकरसाहेबांना मी कागद स्वतः नेऊन देईन, पन्नास सालचाही. त्यावर ते जे करतील ते मला मान्य आहे. नंतर गाडीचे जे काही उरेल ते महिपतने मी जिवंत असतानाच न्यावे (म्हणजे साक्षीला बाध नाही) आणि ज्यातून जमेल त्यातून त्र्यंबकची गाडी उभी करावी. ती मागच्या पडवीत गोणपाटाखाली आहे. मघा पाहिली. साखळीला तेल दिलेले आहे. न चालणाऱ्या गाडीला सहा वर्षे तेल देणारा मनुष्य शहाणा आहे की नाही, याबद्दल साक्ष द्यायला मी तयार आहे.

मंदाकिनीस: आजवरच्या उशिराबद्दल क्षमा. उत्तरास: माझी पुस्तके, वह्या, आणि घरचे टेबल. पायाखाली दुसरा कागद घाल.

त्र्यंबक म्हणतो, अंधार व्हायच्या आत निघ, मागे दिवा नाही. तेव्हा आवरतो. हे शेवटचे पान त्याच्या टेबलावर लिहिले आहे आणि ते चारही पायांवर घट्ट उभे आहे. या पानावर अक्षर हलले असल्यास टेबलाकडे बोट दाखवू नये.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोघांसमोर वाचून दाखवले, दोघेही नको तिथे हसले, आणि त्यांच्यादेखत सही केली.

गुरुदत्त विठ्ठल ताम्हाणे

साक्षीदार:

महिपत जाधव, मिस्त्री, जांभळी नाका, ठाणे. (माझे पाने मोजून घेतले. एक कमी आहे.)

त्र्यंबक दातार, शिक्षक, कल्याण. लिहिणार यांस मी लहानपणापासून ओळखतो. शहाणे आहेत, उशिराने. दिवा पोचला. काच शाबूत. बल्ब वाटेत उडालेला दिसतो.

कल्याण, रविवार, ता. ४ डिसेंबर १९५५, दुपारी साडेतीन.

ता. क. बाजारातून बल्ब आणला. त्र्यंबकच्या गाडीला दिवा बसवला. महिपतने इंजिनाला अठरा किका मारल्या. दिवा पेटतो.